मोटारसायकलचे हँडल : हात आणि शोभा

मोटारसायकलचे हँडल बदलून तिला मनाजोगते रूप देणे, हा विषय व्याख्यानमालेच्या व्यासपीठाला शोभतो काय, अशी शंका काही श्रोत्यांना येईल. ज्या व्यासपीठावर इतिहास, तत्त्वज्ञान आणि अर्थकारण यांची चर्चा होते तेथे गॅरेजातल्या गोष्टी कशाला, असे म्हणणारेही निघतील. आम्हांस मात्र हा विषय महत्त्वाचा वाटतो. 'जीव मुठीत धरून जाणे' असा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. इतरांच्या बाबतीत तो अलंकार असेल. मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे. त्याचा जीव दोन मुठींत असतो, आणि त्या दोन मुठी एका वाकवलेल्या नळीच्या टोकांना बसवलेल्या असतात. ती नळी कशी असावी, किती बदलावी, कोणाकडून बदलून घ्यावी, याचा विचार घराघरांतून व्हावयास हवा. कारण आज घराघरांतला मुलगा, आणि मुलगीही, त्या नळीला धरून रस्त्यावर जात आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. हँडल बदलावेसे वाटणे हा उल्लूपणा नव्हे. हत्यार हाताला बेतून घेणे ही कष्टकऱ्यांची जुनी रीत आहे. शेतकरी नांगराचे रुमणे आपल्या उंचीप्रमाणे ठेवतो. सुतार वाकसाचा दांडा स्वतः तासतो, आणि दुसऱ्याचा वाकस हाती आला की पहिल्या घावालाच कुरकुरतो. कारखान्यातला फिटर आपल्या कानशीच्या मुठीवर स्वतःची खूण करून ठेवतो. मोटारसायकल मात्र हजारोंच्या संख्येने एकाच साच्यातून निघते. सरासरी उंचीचा, सरासरी हाताचा एक माणूस कल्पून तिचे हँडल वाकवलेले असते, आणि असा सरासरी माणूस प्रत्यक्षात कोठे भेटत नाही. त्यातून, तीन-चार वर्षे हप्ते फेडून घेतलेली गाडी शेजाऱ्याच्या गाडीसारखीच दिसावी, हेही मनाला रुचत नाही. दिवसभर यंत्रावर दुसऱ्याच्या आराखड्याप्रमाणे काम करणाऱ्या तरुणाला संध्याकाळी स्वतःच्या आराखड्याप्रमाणे काही घडवावेसे वाटले, तर त्याला हसणाऱ्यांच्या पंगतीला आम्ही बसणार नाही.

तथापि 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' अशी म्हणही आपल्याच भाषेत आहे. केवळ डोळ्यांच्या हौसेखातर, हाताला विसरून बदललेले हँडल आपल्याच धन्यावर उलटते. शोभा हवीच, पण हँडलाचे माप हातापासून घ्यावे आणि शोभा त्या मापात बसवावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. ते का, हे कळण्यासाठी हँडल काय काम करते ते आधी पाहू.

मोटारसायकलला हँडल मिळाले ते सायकलीच्या घराण्यातून. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीत इंजिनाची दुचाकी बनवली, तेव्हा तिचा सांगाडा लाकडी होता आणि ती आडव्या दांड्यानेच वळत असे. पुढे एकेक काम हँडलावर येऊन बसले. आज उजव्या मुठीत रेस आहे, तिच्यापुढे पुढच्या ब्रेकची लिव्हर आहे, डाव्या हाताला क्लच आहे, आणि दोन्ही बाजूंस दिव्यांची बटणे, हॉर्न व आरसे आहेत. म्हणजे हँडल हा वळवण्याचा दांडा तर आहेच, शिवाय गाडीची सगळी सूत्रे जेथे एकत्र येतात ते ठाणेही आहे. दांडा हलवला की ही सूत्रेही ताणली किंवा सैल पडतात. हँडल बदलणारा दांड्याचा विचार करतो, सूत्रांचा करीत नाही, आणि घात होतो तो येथे.

वळण्याचे गणितही वाटते तितके सरळ नाही. गाडी वेगात असताना डावीकडे वळावयाचे झाल्यास डावी मूठ पुढे ढकलावी लागते. क्षणभर चाक उजवीकडे वळते, त्यामुळे गाडी डावीकडे कलते, आणि कलली की डावीकडे वळते. प्रत्येक सायकलस्वार हेच करतो. पण आपण असे करतो हे त्याला ठाऊक नसते. विमान बनवणारे राइट बंधू मूळचे सायकलींचे धंदेवाले. त्यांपैकी विल्बर राइट याने ही गोष्ट अचूक हेरली होती. डावीकडे कसे वळता, असे तो सायकल चालवणाऱ्यांना विचारी, तेव्हा पहिल्या झटक्यात पुरते बरोबर उत्तर देणारा त्याला सापडत नसे.

या ढकलण्यात हँडल तरफेचे काम करते. समजा, हँडल ७६ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे मधल्या खुंट्यापासून प्रत्येक टोक ३८ सेंटिमीटर दूर आहे. एखादे वळण घेण्यास टोकाशी ५ किलोचा जोर पुरतो असे धरू. आता कोणी दोन्ही टोके पाच-पाच सेंटिमीटर कापून हँडल ६६ सेंटिमीटरचे केले, तर त्याच वळणाला पावणेसहा किलोच्या आसपास जोर लागेल. मोकळ्या रस्त्यावर हा फरक जाणवणार नाही. अचानक कुत्रे आडवे आले, खड्डा चुकवावयाचा झाला, मागे बायको बसलेली आणि हँडलाला भाजीची पिशवी टांगलेली असली, म्हणजे तो जाणवेल. उलट, हँडल अतोनात रुंद केले तर ते हलके वळते खरे, परंतु हाताचा बारीकसा धक्काही चाकापर्यंत पोचवते, आणि दोन रिक्षांच्या मधून जाताना आपण केवढ्या रुंदीचे आहोत याचा अंदाज चुकतो.

रुंदीखेरीज आणखी मापे आहेत. मुठी बैठकीपासून किती वर आहेत, ही उंची. मुठी स्वाराकडे किती मागे आल्या आहेत, ही ओढ. मुठींची टोके खाली किंवा मागे किती कलली आहेत, हा कोन. आणि नळीची जाडी. आपल्याकडील बहुतेक गाड्यांच्या मुठींखालची नळी पाऊण इंचाहून किंचित जाड, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटरची असते. हार्ले-डेव्हिडसनसारख्या अमेरिकन गाड्यांची पुरी एक इंचाची असते. एकीचे हँडल दुसरीला लावावयाचे म्हणजे लिव्हरी, मुठी, बटणे सगळेच बदलावे लागते. चित्र पाहून हँडल विकत घेणाऱ्याच्या हे दुकानातून घरी आल्यावर ध्यानात येते.

आता ज्या दोन रूपांचे आपल्या तरुणांना वेड आहे, ती कोठून आली ते पाहू. एक उंच हँडलाचे, दुसरे खाली झुकलेले. दोन्ही परदेशची आहेत, आणि दोन्हींच्या मागे कष्टकरी हात आहेत.

उंच हँडल अमेरिकेचे. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, सैनिक घरी परतले, आणि त्यांतल्या अनेकांनी जुन्या मोटारसायकली घेऊन त्यांचे जड मडगार्ड कापले, नको ते भाग काढून टाकले. हेतू साधा होता: वजन कमी व्हावे, गाडी पळावी. पुढे १९६० नंतरच्या दशकात हेतू बदलला आणि रूप हाच हेतू झाला. पुढचा चिमटा लांब करावयाचा, सांगाडा कापून त्याचा कोन बदलावयाचा, आणि हँडल इतके उंच न्यावयाचे की स्वार फांदीला लोंबकळणाऱ्या वानरासारखा दिसावा. अशा हँडलाला अमेरिकनांनी नावही तेच दिले: 'एप हँगर'. कापाकापी करून बनवलेली गाडी म्हणून तिला 'चॉपर' म्हणू लागले.

हे रूप जगभर पोचवले ते १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटाने. पीटर फोंडा आणि डेनिस हॉपर हे नट त्या गाड्यांवर बसलेले सगळ्यांनी पाहिले. त्या गाड्या घडवल्या कोणी? क्लिफर्ड व्हॉज आणि बेन हार्डी या दोघा कृष्णवर्णीय माणसांचा त्यात मुख्य वाटा होता. व्हॉज नागरी हक्कांच्या चळवळीत काम केलेला कार्यकर्ता. हार्डी लॉस एंजलिसमधला कसबी गॅरेजवाला. चित्रपटाच्या नामावलीत त्यांची नावे नव्हती. कित्येक वर्षे ती लोकांना माहीतही नव्हती. पडद्यावर बसलेल्याचे नाव झाले, पडद्यामागे वाकवणाऱ्याचे नाही. हा अनुभव आपल्या कामगारांना परका नाही.

पुढची पायरीही ओळखीचीच आहे. कॅलिफोर्नियातली पोरे सायकलींना उंच हँडले लावून हिंडू लागली, ते पाहून श्विन कंपनीने १९६३ साली 'स्टिंग-रे' ही तशा हँडलाची सायकल बाजारात आणली. हार्ले-डेव्हिडसननेही १९७१ साली 'सुपर ग्लाइड' ही गाडी काढली. लोक परसात आपल्या हातांनी जे करीत होते त्याची छाया तिच्यावर स्पष्ट होती. माणसे हौसेने जे घडवतात ते कारखाना उचलतो आणि त्यांनाच किंमत लावून विकतो. यात बेकायदा काही नाही. पण कल्पना कोणाची होती, हे आपण तरी विसरू नये.

खाली झुकलेले हँडल इंग्लंडचे. तिकडेही काळ युद्धानंतरचाच. कामगारांच्या मुलांना नियमित पगार मिळू लागला आणि हप्त्यांवर मोटारसायकल घेता येऊ लागली. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर १९३८ साली सुरू झालेला 'एस कॅफे' हा त्यांचा अड्डा बनला. ताशी शंभर मैलांचा वेग गाठणे ही त्यांची महत्त्वाकांक्षा. शर्यतीच्या गाड्यांप्रमाणे त्यांनी मूळचे हँडल काढून चिमट्याच्या दोन नळ्यांना दोन स्वतंत्र आखूड दांडे आवळले. स्वार टाकीवर ओणवा झाला की वारा अंगावरून निघून जाई. नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायंफचे इंजिन बसवून केलेली 'ट्रायटन' ही त्यांच्या कारागिरीची पावती. एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत पळणारी म्हणून त्या गाडीला 'कॅफे रेसर' म्हणू लागले. वृत्तपत्रे या मुलांना गुंड म्हणत. बिल शेरगोल्ड नावाच्या एका धर्मगुरूने मात्र स्वतः मोटारसायकलवर बसून त्या अड्ड्यावर जाऊन त्यांना आमंत्रण दिले, आणि १९६२ साली पूर्व लंडनच्या 'फिफ्टी नाइन क्लब' या तरुणांच्या मंडळात त्यांची शाखा निघाली. मुलांना दूर लोटण्यापेक्षा त्यांच्यात जाऊन बसणारा माणूस अधिक काम करून जातो, हे संघटनेच्या कामात पडलेल्या कोणालाही पटेल.

या इंग्रजी रूपाचा धागा आपल्यापर्यंत येतो तो एन्फिल्डमुळे. रॉयल एन्फिल्डची 'बुलेट' बनवण्यासाठी १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली. इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना १९६७ साली बंद पडला, पण मद्रासेत बुलेट निघतच राहिली. त्याच कंपनीने २०१३ साली 'कॉन्टिनेंटल जीटी' ही खाली झुकलेल्या दोन तुकड्यांच्या हँडलाची गाडी काढली. एके काळी लंडनच्या कामगारपोरांनी हातांनी केलेले काम आता चेन्नईचे कामगार पाळीवर करतात. आणि आपल्या गल्लीत एका बुलेटला आभाळाकडे गेलेले हँडल, तर दुसरीला टाकीला टेकलेले, अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी उभी दिसतात.

ही रूपे ज्या रस्त्यांसाठी जन्मली त्या रस्त्यांवर ती कशी वागतात आणि आपल्या रस्त्यांवर कशी, हे पाहिले पाहिजे. उंच हँडलावर हात खांद्याच्या वर गेले की रक्ताला चढ चढावा लागतो. थोड्या वेळाने हात जड होतात, बोटांना मुंग्या येतात. छाती उघडी पडून शिडासारखा वारा धरते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. मग स्वार हँडल वळवण्याऐवजी त्याला लोंबकळू लागतो, आणि त्याची प्रत्येक ओढ चाकाला जाणवते. खाली झुकलेल्या हँडलाची गोष्ट उलट. जोरात पळताना समोरचा वारा छातीला तोलून धरतो म्हणून तेथे ते चालते. शहरात वाऱ्याचा तो आधार नसतो. अंगाचा भार मनगटांवर येतो, दर ब्रेकला तळहात चेपतो, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. पाय ठेवण्याचे दांडे मागे नेले नाहीत तर कंबरही दुमडते. पुढचे दिसावे म्हणून मान वर ताणावी लागते ती वेगळीच.

हादऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. डॉ. ॲलिस हॅमिल्टन या अमेरिकेतील बाईंनी कामगारांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचले. त्यांनी १९१८ साली इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे, हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे धरणाऱ्या पाथरवटांचे हात तपासले. थंडीत त्या कामगारांची बोटे पांढरी पडत आणि त्यांतली जाणीव जाई. मोटारसायकलचे हादरे त्या हत्यारांइतके तीव्र नसतात. पण जात तीच. कारखान्यातून आलेल्या हँडलाच्या टोकांत पुष्कळदा लोखंडाचे वजन बसवलेले असते. ते शोभेचे बोंडूक समजून काढून टाकतात. वस्तुतः ते नळीची थरथर कमी करण्यासाठी असते. पातळ पत्र्याची नळी लावली, वजने काढली आणि मूठ घट्ट आवळून धरली, म्हणजे हादरा थेट हाडांत जातो. म्हणून वजने ठेवावीत, मुठीचे रबर चांगले घ्यावे, आणि हात सैल ठेवण्याची सवय करावी.

आता कामाकडे वळू. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे मूळचे हँडल गॅसने तापवून वाकवणे किंवा त्याला तुकडा जोडून उंच करणे. नळी वाकवली की बाहेरच्या अंगाचा पत्रा ताणून पातळ होतो, आतल्या अंगाला सुरकुती पडते. कारखान्यात योग्य साच्यावर, नळीला आतून आधार देऊन हे काम होते. रस्त्याकडेच्या भट्टीवर ते तसे होत नाही. वेल्डिंगच्या जोडाचे असे की जोड स्वतः टिकतो, पण त्याच्या लगतचा, उष्णतेने गुण पालटलेला भाग दमतो. रोजच्या हादऱ्यांनी तेथे केसाएवढी चीर पडते, रंगाखाली ती दिसत नाही, आणि एके दिवशी ब्रेक मारताना हँडलाचा अर्धा भाग हातात येतो. हाती कसब असलेले वेल्डर आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांतले जे खरे जाणकार आहेत ते हँडलाला तुकडा जोडून देण्यास नकार देतात. अशा नकाराचा मान राखावा. उंची हवी असेल तर अखंड नळीचे, त्या गाडीच्या मापाचे तयार हँडल घ्यावे. पडून वाकलेले ॲल्युमिनियमचे हँडल तर पुन्हा सरळ करून वापरूच नये.

नवे हँडल बसवल्यावर वायरी आणि नळ्या पाहाव्यात. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालू ठेवावे, आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. फिरवताना इंजिनाचा आवाज चढला, तर रेसची वायर तोकडी पडते आहे असे समजावे. अशी गाडी वळणावर आपण होऊन पळू पाहते. क्लचची वायर ताणली गेली तर क्लच अर्धवट सुटलेला राहून झिजतो. पुढच्या डिस्क ब्रेकची नळी ताणलेली दिसली, तर त्या क्षणी काम थांबवावे. योग्य लांबीची नळी आणून, तेल भरून, आतली हवा पुरती काढल्याखेरीज गाडी हलवू नये. अलीकडच्या गाड्यांत एबीएस असते, तेथे हे काम त्या यंत्रणेची माहिती असलेल्याकडूनच करवून घ्यावे. उलट, हँडल खाली आणले तर जुन्या वायरी लांब होतात, दुमडतात, चिमट्यात अडकतात. ब्रेकच्या तेलाची डबी तिरपी झाली तर आत हवा शिरू शकते. दिव्यांच्या तारा घासून उघड्या पडल्या तर ऐन रात्री दिवा जातो.

याशिवाय दोन-तीन साध्या तपासण्या आहेत. हँडल पुरते वळवल्यावर मूठ आणि टाकी यांमध्ये बोटे चिरडणार नाहीत एवढी जागा हवी. पकडीचे बोल्ट उत्पादकाच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळावेत. एक पुरता आवळून दुसरा सैल, असे करू नये. लिव्हर अशा कोनात असावी की कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात एका रेषेत राहील. आरसे जागेवर असावेत, आणि त्यांत आपले कोपर न दिसता मागचा रस्ता दिसावा. मग मोकळ्या मैदानात आठाच्या आकड्यासारखी वळणे घ्यावीत, ब्रेक मारून पाहावा, आणि त्यानंतरच गाडी रस्त्यावर आणावी. पहिल्या आठवड्यानंतर बोल्ट पुन्हा तपासावेत.

शोभेची गोष्ट निघाली की चकाकी आलीच. हँडलावरची चकाकी म्हणजे निकेलच्या थरावर दिलेला क्रोमियमचा अत्यंत पातळ लेप; मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बहुधा पातळ. एवढ्याशा लेपासाठी ज्या हौदात नळी बुडवतात त्यातून जुन्या पद्धतीत विषारी वाफारा उठतो. त्याने कामगाराच्या हातांना जखमा होतात आणि नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते. या प्रकारच्या क्रोमियमची जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९९० साली माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणना केली. वाफारा ओढून नेणारा पंखा नाही, हातमोजे नाहीत, अशा बोळकांडीतल्या प्लेटिंगच्या कामाला कामगार फार काळ टिकत नाहीत. कमी घातक क्रोमियमचे हौद आज उपलब्ध आहेत. नुसत्या रंगाच्या भुकटीचा भाजलेला लेपही टिकाऊ असतो. स्वस्तात चकाकी करून मिळते तेव्हा उरलेली किंमत कोणाच्या नाकाने भरली, एवढा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारला तरी पुष्कळ होईल.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करता कामा नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कसोशीने पाळण्याच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगीवाचून केलेल्या बदलांबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. हँडलाची उंची नोंदणीपत्रात लिहिलेली नसते, एवढ्यावरून मोकळीक मिळाली असे समजू नये. काम करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे, आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून भरपाई नाकारली गेली, तर भोगावे लागते ते घरच्या माणसांना. कॅलिफोर्नियाच्या कायद्याची एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. तेथे हँडलाची मर्यादा स्वाराच्या खांद्यापासून मोजतात: बैठकीवर बसलेल्याचे हात खांद्याच्या सहा इंचांहून अधिक वर जाता कामा नयेत. कायद्याने माप घेतले ते माणसाच्या शरीरापासून, हे आम्हांस फार शहाणपणाचे वाटते.

शेवटी ज्यांच्यासाठी हा विषय हौसेचा नाही त्यांच्याविषयी. दूध, वर्तमानपत्रे, जेवणाचे डबे, पार्सले पोचवणारी हजारो माणसे दिवसाचे दहा-दहा तास हँडल धरून असतात. त्यांची गाडी त्यांची स्वतःची, हप्ते त्यांचे, आणि दुखणारी मनगटेही त्यांचीच. कारखान्यातल्या यंत्राची मूठ कामगाराला त्रास देत असेल तर आपण व्यवस्थापनाला जाब विचारतो. रस्त्यावरच्या या कामगाराचे हँडल मात्र त्याचा खाजगी मामला समजला जातो. मुठी दोन बोटे वर घेतल्या, थोड्या मागे ओढल्या, चांगले रबर बसवले, तर संध्याकाळी त्याचा हात भाकरी मोडण्यास मोकळा राहील. हा बदल कोणाच्या नजरेत भरणार नाही, त्याचे छायाचित्र कोणी काढणार नाही. परंतु हँडल बदलण्याचे इतके सार्थ कारण दुसरे नाही. ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी आज त्याला एवढेच विचारावे की, गाडीवरून उतरल्यावर तुझी बोटे बधिर होतात काय? होत असतील, तर पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्याबरोबर गॅरेजात जावे, त्याला गाडीवर बसवावे, आणि मेस्त्रीला माप त्याच्या खांद्यापासून घेण्यास सांगावे.